हातोडीचा लेखक अज्ञात

मी रोज वाचनालयाला कुलूप लावण्याआधी वहीत चार ओळी लिहितो. कुणी शिकवलं नाही, आपसूक लागलेली सवय. पूर्वी एक वही वर्षभर पुरायची, कारण पुस्तकं स्वतःहून फारसं काही करत नाहीत. कुणी नेलं तर जातात, आणलं तर येतात. पण आमची मागची खोली सुरू झाली आणि वही तीन महिन्यांत संपायला लागली! बायको म्हणते, "अहो, तिथे लोक वाचायला येतात की तुम्हाला लिहायला लावायला?"

खोलीची हकिगत अशी. मध्य प्रदेशातल्या धारचं आमचं वाचनालय जुनं, मराठी मंडळींनी उभारलेलं. मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. बाहेरगावी स्थिरावलेल्या एका जुन्या वाचकाने आम्हाला थ्रीडी प्रिंटर, ड्रिल, शिलाई मशीन आणि हत्यारांचं एक कपाट पाठवलं. सोबत चिठ्ठी: 'वाचनालयात पुस्तकं जशी सगळ्यांची, तशी हत्यारंही असावीत. याला मेकरस्पेस म्हणतात.' आमच्याकडे याला कारखाना म्हणतात.

कारखाना सांभाळायला विद्या जाधव आली. आयटीआय झालेली फिटर, आधी पीथमपूरच्या एका कंपनीत होती. "दादा, तिकडे मी वर्षभर एकच नट आवळला," ती मला म्हणाली. "इकडे एका दिवसात सात वेगळी कामं! आता मी इथून हलत नाही."

पण खोली मिळाली होती एका वर्षासाठी, प्रयोग म्हणून. वर्ष संपलं की सभेत मत घ्यायचं. खोली बंद झाली तर विद्या परत त्या नटाकडे. आमचे कोषाध्यक्ष सबनीसकाका पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "हे वाचनालय आहे, वर्कशॉप नाही." अध्यक्ष अण्णा, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, काहीच म्हणत नव्हते. ते जास्त भीतिदायक होतं.

*

अण्णांचा पहिला हुकूम: वाचनालयातून वस्तू बाहेर जाणार असेल तर ती दाखल रजिस्टरात हवी.

रजिस्टर छापील. रकाने चार: नाव, लेखक, आवृत्ती, पृष्ठसंख्या. मला रकाना रिकामा सोडवत नाही. मी लिहिलं: हातोडी, लेखक अज्ञात. पक्कड, आवृत्ती दुसरी, कारण पहिली हरवली होती. करवतीच्या पृष्ठसंख्येपाशी अडलो, मग बसून दात मोजले.

अण्णांनी चष्मा लावून सगळं तपासलं. मला वाटलं, आता झापणार.

"स्क्रू-ड्रायव्हर, खंड एक ते सहा," त्यांनी वाचलं. "यातला खंड चार कुठे आहे?"

खंड चार महिनाभर बाहेर होता. नियमाप्रमाणे मी सभासदाला कार्ड टाकलं: 'आपणाकडील खंड चौथा त्वरित परत करावा.' दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत आला आणि हात जोडून उभा राहिला.

"भिया, कसम से सांगतो, मी अजून पहिले तीनसुद्धा वाचलेले नाहीत!"

*

ड्रिलचा प्रश्न मोठा होता. वाचनकक्ष आणि कारखान्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीला टेकून अण्णांची खुर्ची. शेवटी तह झाला. वाचक मंडळी चार वाजता समोरच्या टपरीवर चहाला जातात आणि सव्वाचारला परततात. ड्रिल तेवढ्याच वेळात चालवायची.

त्यामुळे पावणेचारपासून कारखान्यात रांग लागते. हातात फळ्या, फळ्यांवर पेन्सिलीच्या खुणा, सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे.

एकदा टपरीवाल्याच्या मुलीचं लग्न निघालं. टपरी बंद. चार वाजले, चार वाजून पाच मिनिटं झाली, वाचनकक्षात कुणी हलेना. इकडे सात जण फळ्या धरून उभे!

विद्या गेली आणि पुढच्या चौकातून आल्याचा चहा भरलेली किटली घेऊन आली. हाक मारायची सोय नव्हती, भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं. मग ती किटली उघडी धरून वाचनकक्षाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली आणि दाराने अंगणात उतरली.

बारा वाचक उठले आणि एका ओळीत तिच्या मागे गेले. दोघांच्या हातात पेपर तसाच उघडा होता.

अण्णा तेवढे जागचे हलले नाहीत. आम्ही दारातून बघत होतो. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कापूस काढला, दोन बोळे केले, दोन्ही कानांत घातले आणि पान उलटत म्हणाले, "करा."

*

गणपतीच्या आधी विद्याने प्रिंटरवर मोदकाचा साचा करायला घेतला. बघायला अर्धी गल्ली आली. गल्लीतल्या सुमनकाकूंनी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"पाच तास, काकू."

"साच्याला पाच तास? तेवढ्यात मी हातानं एकवीस वळीन!"

कुणीतरी टाळी वाजवली आणि पैज लागली. काकूंनी घरून उकडीचं पातेलं आणि सारण आणलं, मशीनशेजारी पाट मांडला. एकीकडे प्रिंटर प्लास्टिकचा दोरा सोडतोय, दुसरीकडे काकू पाऱ्या करताहेत. विद्या फळ्यावर स्कोअर लिहीत होती: काकू नऊ, मशीनचा नुसता तळ.

काकूंचा विसावा मोदक झाला आणि लाइट गेली.

लाइट आल्यावर विद्याने बटणं दाबली, डोकं खाजवलं. "काकू, हे आता पहिल्यापासून सुरू होईल."

काकूंनी एकविसाव्याला टोक काढलं, पाटावर ठेवला आणि हात पुसले. "आमच्या उकडीला लाइटीचं काही कळत नाही गं बाई!"

प्रिंटरची समजूत काढायला विद्याने वाफवलेल्यांतले पाच खाल्ले.

*

माझी मावसबहीण नीलिमा देवासच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिच्या लायब्ररीतही मेकरस्पेस निघाली, आमच्यापेक्षा मोठी, हे ती प्रत्येक फोनवर सांगते. म्हणून तिची ही गोष्ट मी फार आनंदाने सांगतो.

तिने मुलींसाठी शिलाईची कार्यशाळा घेतली. नऊ जणींनी दिवसभर बसून नऊ झकास पिशव्या शिवल्या, खांद्याला लावल्या आणि निघाल्या. दाराशी चौकीदार यादवजी.

"बैग अंदर अलाउड नहीं है."

"अंदर कुठे, आम्ही बाहेर चाललोय!"

"पर अंदर आई कैसे? टोकन दिखाओ."

"टोकन कसं असेल? सकाळी ती बॅग नव्हती, कापड होतं!"

यादवजींनी विचार केला. अकरा वर्षांत त्यांनी एक बॅग आत जाऊ दिली नव्हती. "कपड़ा अंदर गया था, तो कपड़ा बाहर ले जाओ."

एका मुलीला रडू फुटलं. नीलिमा धावत आली, समजावलं, रागावली, प्राचार्यांना फोन लावला. यादवजी अटेन्शनमध्ये उभे. "मैडम, नियम आपने ही टाँगा है."

तो खरंच तिनेच टांगला होता!

शेवटी नीलिमाने नऊ पिशव्यांना ग्रंथालयाचे शिक्के मारले, नंबर दिले आणि एकेक पिशवी एकेका मुलीच्या कार्डावर इश्यू केली. यादवजींनी प्रत्येक स्लिप वाचून सलाम ठोकला.

मुदत सात दिवस. अजूनही दर सोमवारी नऊ जणी आपापली पिशवी रिन्यू करायला येतात.

*

सबनीसकाकांनी मध्ये एक शक्कल काढली. "लोक हत्यारं नेतात, पुस्तकं नेत नाहीत. प्रत्येक हत्यारासोबत एक पुस्तक सक्तीचं करा." गर्दी आटेल, असा त्यांचा हिशेब.

धामनोदला हायवेवर मोरे यांचा ढाबा आहे. ते पाना न्यायला आले होते. नियम ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "भिया, माझं शिक्षण सगळं हिंदीत. मराठी बोलतो फर्राटेदार, पण वाचायला बसलो की बैलगाडी!"

"नियम आहे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून कपाटातून एक कादंबरी ओढली. तीन भागांतला पहिला भाग.

आठवड्याने पाना परत आला, कादंबरी नाही. "आई सोडत नाही," मोरे म्हणाले. त्यांच्या आईचे डोळे अधू झाले होते. दुपारी ढाब्यावर गर्दी ओसरली की मोरे अडखळत वाचायचे आणि आई खाटेवरून चुका सुधारायची. मग दोन वेटरही बसायला लागले. पुढे एक ट्रकवाला, मूळचा साताऱ्याचा, मुक्काम वाढवायला लागला.

पंधरा दिवसांनी ऐन दुपारी मोरे घाम पुसत दारात उभे. "भिया, जल्दी! पहिला भाग अशा जागी संपलाय की आईनं जेवण सोडलंय! हत्यार द्या!"

"कोणतं हत्यार?"

"कोणतंही द्या हो! दुसरा भाग पाहिजे!"

मी त्यांना काटकोन्या दिला. कशाला वापरतात, हे त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, नियम उलटाही चालतो हे त्यांना सांगायला हवं होतं, म्हणजे नुसतं पुस्तकही मिळतं. पण सबनीसकाका शेजारीच उभे होते आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

*

बाग गावाहून एक छपाईवाले चाचा आले होते. त्यांची पिढ्यान् पिढ्यांची ठसे-छपाई. आमच्याकडे येणाऱ्या, इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलीने प्रिंटरवर फुलाचा ठसा केला होता. तिने चाचांना अर्धा तास समजावलं: डिझाइन कसं, अचूकता किती, एकसारखेपणा किती. चाचा मान डोलवत होते.

मग त्यांनी ठसा तोंडाजवळ नेला आणि पाठीमागून फुंकर मारली.

"बेटा, हवा कहाँ से निकलेगी?"

लाकडी ठशाला मागून बारीक भोकं असतात, नाहीतर तो कापडाला चिकटतो. याला भोकंच नव्हती! भोकं पाडायची तर ड्रिल हवी, आणि वाजले होते अडीच. चाचांना कारण कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण थांबले. चार वाजता सहा भोकं पाडली.

आता छापायचं कशावर? कोरं कापड नव्हतं. मुलीने वाचनकक्षाच्या पडद्याची कड ओढली, चाचांनी आपल्या पिशवीतल्या रंगात ठसा बुडवून टेकवला, मुठीनं ठोकला. लाल फूल! सुंदर! मग दुसरं, तिसरं. रांग अर्ध्या पडद्यावर आली आणि सव्वाचार झाले.

अण्णा आत आले. पडद्याकडे बघत उभे राहिले. विद्याने माझी बाही धरली होती. सभा महिन्यावर आली होती.

"हे काय आहे?" अण्णा.

"अण्णा, चूक झाली. मी धुऊन देते," विद्या म्हणाली.

"धुवायचं काय? अर्धवट आहे." ते चाचांकडे वळले. "माझ्या वर्गात अर्धा सोडवलेला पेपर मी घेत नसे. खिडक्या चार आहेत."

चाचांची शेवटची बस चुकली. त्या रात्री त्यांचा मुक्काम माझ्या घरी होता.

*

तरीही सभेच्या दिवशी आम्हाला धीर नव्हता. सबनीसकाकांनी घरोघर जाऊन मतं जमवली होती. खोली बंद करून तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांना टेबलं टाकायची, हा त्यांचा ठराव. वाईट नव्हता, म्हणूनच धोक्याचा. पीथमपूरच्या कंपनीचं पत्र विद्याच्या पर्समध्ये होतं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

रविवार, सकाळी अकराची वेळ. अण्णा नऊलाच आले. म्हणाले, "तुम्ही जाऊन कचोऱ्या घेऊन या. काउंटरवर मी बसतो." मी परतलो तोवर मंडळी जमली होती. वाचनकक्षातल्या मोठ्या सागवानी टेबलाभोवती अकरा सभासद. विद्या सभासद नव्हती, ती दारात उभी.

पाचवा विषय आला. सबनीसकाका बोलले, दोघं-तिघं एकदम बोलायला लागले, आवाज चढले. आणि ज्या अण्णांनी आयुष्यात आवाज चढवला नाही, त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "शांतता!"

टेबलाचा पाय निखळला!

सगळं टेबल सबनीसकाकांच्या बाजूला कललं. फायली घसरल्या, त्यांच्यामागे कचोऱ्या. अकराच्या अकरा जणांनी टेबल पकडलं, मीही. विद्या गोंदाची बाटली घेऊन धावली आणि सरळ टेबलाखाली शिरली.

"धरा! दोन्ही हातांनी धरा! दहा मिनिटं कुणी सोडायचं नाही! एकानं सोडलं तरी जोड सरकेल, आणि हे धूड सबनीसकाकांच्या पायावर येईल!"

सबनीसकाकांनी सगळ्यांत घट्ट धरलं.

मग अण्णा टेबल धरल्याधरल्या म्हणाले, "वेळ वाया घालवण्यात अर्थ नाही. विषय क्रमांक पाच मतास टाकतो. मागची खोली बंद करावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत."

कुणी हललं नाही.

"अण्णा!" सबनीसकाका. "हात वर कसा करणार?"

"नियमावलीत मत हात वर करूनच द्यायचं आहे. तोंडी मत ग्राह्य नाही. नियमावली आपणच लिहिलीत."

सबनीसकाकांनी फार जपून उजव्या हाताची करंगळी उचलली. टेबल करकरलं.

"काका!!" खालून विद्या ओरडली.

करंगळी खाली आली.

"बोट म्हणजे हात नव्हे," अण्णा म्हणाले. "ठरावाच्या बाजूने शून्य. ठराव नामंजूर. खोली पुढेही चालू राहील. ग्रंथपाल, नोंद घ्या."

"अण्णा, माझेही हात गुंतलेत."

"मग लक्षात ठेवा. विषय क्रमांक सहा, पंख्यांची दुरुस्ती."

त्या दहा मिनिटांत सहा, सात आणि आठ हे ठरावही एकमताने नामंजूर झाले. पंखे अजून तसेच आहेत.

मंडळी हात झटकत पांगली. विद्या टेबलाखालून निघाली, केसांत गोंद, हसतेय की रडतेय तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने पर्समधलं पत्र काढून फाडलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, एक सांगू? टेबल हातानं धरायची गरजच नव्हती. जोड आवळायला आपले लोखंडी क्लॅम्प आहेत ना, सहा? मी आधी तेच घ्यायला धावले. कपाटात एकही नाही! काल संध्याकाळी मी स्वतः मोजून ठेवलेत."

आम्ही दोघं कपाटाकडे बघत होतो, तेवढ्यात अण्णा निघाले. खांद्याला कापडी पिशवी, त्या बाजूला ते चांगलेच कलले होते. दारापाशी पिशवी चौकटीवर आपटली. खण्ण!

"अण्णा, जड दिसतेय," विद्या म्हणाली. "मी घरापर्यंत आणून देऊ?"

"नको," अण्णा म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले. खण्ण, खण्ण, खण्ण. "वांगी आहेत."